टीन सिटकॉममधला शाळेचा डान्स : नाच दोन मिनिटं, भांडण वीस मिनिटं

ओली_भेळ

कंबरेला पट्टा लावून गेले दोन आठवडे घरात पडून आहे त्यामुळे जुन्या अमेरिकन टीन सिटकॉम्सचा फडशा पाडणं चालू आहे. त्यात एक गोष्ट लक्षात आली, नवऱ्याला सांगून बघितली, तो मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणाला, म्हणून इथे धागा काढतेय.

मालिका कुठलीही घ्या, शाळेचा डान्स त्यात येणार म्हणजे येणारच. होमकमिंग (शाळेच्या मोठ्या फुटबॉल मॅचच्या वेळचा) असेल, प्रॉम (वर्ष संपतानाचा सगळ्यात मोठा) असेल, व्हॅलेंटाइनचा असेल, नाहीतर वेशभूषा करून यायचा असेल. आणि दरवेळी मी उशी नीट करून बसते की आता मस्त नाच बघायला मिळणार, तर नाच असतो जेमतेम दोन मिनिटं. उरलेली वीस मिनिटं कोण कुणाला विचारणार, कोण कुणाच्या आधी विचारणार, कुणी कुणाला हो म्हटलंय आणि आता नाही कसं म्हणायचं, ह्यातच जातात. आपल्याकडे लग्नापेक्षा याद्यांच्या बैठकीतच जास्त करमणूक असते ना, तसं. मांडव नुसता निमित्ताला.

आता 'सेव्ह्ड बाय द बेल' घ्या. १९८९ च्या पहिल्याच सीझनमध्ये डान्स स्पर्धेचा एपिसोड आहे. ह्या पोरांचा जो नेहमीचा अड्डा, 'द मॅक्स', तिथे स्पर्धा, आणि सूत्रसंचालन करायला केसी केसम, म्हणजे 'अमेरिकन टॉप फोर्टी' हा रेडिओवरचा गाण्यांचा काउंटडाउन सांगणारा खराखुरा माणूस. झॅक आणि स्लेटर ह्या दोन्ही हिरोंना जोडीला केली नावाची मुलगीच पाहिजे, त्यासाठी दोघांचे मोरासारखे पिसारे फुलवून झाले, डावपेच झाले. आणि जिंकतं कोण? लिसा आणि स्क्रीच! लिसाचा पाय मुरगळलेला, स्क्रीच म्हणजे वर्गातलं बावळट ध्यान जे कायम तिच्या मागे मागे, तर हे दोघं त्या लंगडण्याचीच स्टेप करतात, तिला नाव देतात 'द स्प्रेन', म्हणजे मुरगळा, आणि ट्रॉफी घेऊन जातात. मी पट्ट्यासकट हसले आणि मग कंबर दुखली.

तर माझं म्हणणं असं की ह्या एपिसोडमधली चुरस ज्यांच्यात दाखवतात त्यांच्यात नसतेच. दोन हिरो एकीसाठी भांडतात हा सगळ्यात बोअर भाग. खरी मजा जो शर्यतीत नाही त्याची. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमचा आवडता डान्स एपिसोड कुठला? अजून दहा दिवस पडून राहायचंय, यादी पुरवा.

पेठेतला_पोपट

सेव्ह्ड बाय द बेल बघवतं अजून? अहो ते चुंबन झालं की प्रेक्षकांचं "ऊऊऊऊ", कुणी दारातून आला की टाळ्या... माझ्या पुतण्याने एकदा लावलं होतं, मी पेपर वाचायला गॅलरीत गेलो. सगळ्या मालिकांत तोच जिमखाना, तेच फुगे, तीच सरबताची परात, तोच चेंडूसारखा चमकणारा दिवा. एक बघितला की सगळे बघितल्यासारखे. कंबरेला आराम पडो.

तिसरी_घंटा

पोपटराव, तोच जिमखाना हीच तर युक्ती आहे :)

मी हौशी नाटकात लिहिते त्यामुळे मला ह्या एपिसोड्सची बांधणी फार आवडते. बावीस मिनिटांच्या सिटकॉममध्ये साधारण दोन-तीन गोष्टी समांतर चालतात, एक मोठी, बाकी पिल्लं. एरवी त्या गोष्टी वेगवेगळ्या घरांत, वर्गांत, हॉटेलात घडत असतात आणि लेखकाला त्या एकमेकींना चिकटवायची मारामार. डान्स असला की सगळ्यांना एकाच रात्री एकाच खोलीत यायलाच लागतं, आणि तेही जोडीने! न येण्याची मुभा नाही, आलं तर कुणाबरोबर आलात ते सगळ्यांना दिसणार. म्हणजे फार्स लिहिणाऱ्याला लॉटरीच. आपल्या फार्समध्ये तीन दारं आणि एक कपाट असतं ना, इथे सरबताचं टेबल, फोटोचा कोपरा, मुलींचं टॉयलेट आणि बाहेरचा लॉकरवाला पॅसेज. त्या चार जागांत माणसं फिरवत राहायची, नको त्या दोघांची गाठ घालून द्यायची.

'दॅट सेव्हन्टीज शो'च्या पहिल्या सीझनमधला प्रॉमचा एपिसोड बघ भेळ, १९९९ चा. जॅकी तिच्या बॉयफ्रेंडवर, केल्सोवर, चिडलेली, म्हणून ती प्रॉमला जाते हाइडबरोबर, ज्याला असल्या गोष्टींचा तिटकारा. केल्सो येतो पॅम मेसीला घेऊन. आता बघ, चारही माणसं चुकीच्या जोडीत, आणि जाऊन बसणार कुठे, तर त्याच हॉलमध्ये. संवाद न लिहिता नुसत्या नजरा लिहिल्या तरी सीन पळतो.

पण तुझ्या मुद्द्याशी अर्धीच सहमत. दोन हिरोंचं भांडण बोअर असलं तरी ते काढून टाकलं तर स्क्रीच-लिसाचं जिंकणं मजेचं वाटणारच नाही. ढोल वाजल्याशिवाय पिपाणी ऐकू येत नाही असं काहीतरी. (ही म्हण आत्ताच तयार केली.)

ओली_भेळ

पिपाणी भारी. घेतला यादीत.

बोरिवली_फास्ट

ह्यात एक धंद्याची बाजू पण आहे जी कुणी बोलत नाही. मी जाहिरातीच्या मीडिया प्लॅनिंगमध्ये होतो बरीच वर्षं. अमेरिकेत नील्सन कंपनी प्रेक्षक मोजते, त्यात वर्षातले काही महिने खास, त्याला स्वीप्स म्हणतात, मुख्यतः नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे, कारण ह्या महिन्यांत गावोगावच्या स्थानिक केंद्रांची मोजणी व्हायची, लोकांकडून डायऱ्या भरून घ्यायचे, आणि त्या आकड्यांवर पुढच्या जाहिरातींचे दर ठरायचे. आता शाळेचं कॅलेंडर आठवा, होमकमिंग शरदात, व्हॅलेंटाइन फेब्रुवारीत, प्रॉम वसंतात म्हणजे सीझन संपता संपता एप्रिल-मेमध्ये. चॅनलला जेव्हा काहीतरी धमाका पाहिजेच असतो नेमका तेव्हा शाळेत डान्स असतोच. मग ब्रेकअप, पहिलं चुंबन, पाहुणा कलाकार, सगळं त्या रात्रीवर ढकलायचं.

आपल्याकडे टीआरपी घसरला की रविवारी महाएपिसोड असतो आणि त्यात हमखास लग्न, मंगळागौर नाहीतर डोहाळजेवण, तेच हे. फक्त इथे मंगळसूत्र तुटतं तिथे कोर्साज कोमेजतं.

खारे_दाणे

"मंगळसूत्र तुटतं तिथे कोर्साज कोमेजतं" फुटले 😂

कोर्साज म्हणजे ते मनगटाला बांधतात ते फुलांचं ना? मला कित्येक वर्षं वाटायचं की पोराने ऐनवेळी आणलेला गजराच आहे तो.

मुक्काम_डॅलस

गजऱ्यावरून आठवलं, आमच्या टेक्सासची गंमत सांगते, टीव्हीवर सहसा दिसत नाही ती. इथे होमकमिंगला 'मम' असतं. मम म्हणजे मम्मी नव्हे आणि गुरुजी पूजेत हातावर पळीने पाणी घालून "मम म्हणा" म्हणतात तेही नव्हे, मम म्हणजे क्रिसँथेमम, आपली शेवंती. पूर्वी म्हणे मुलगा मुलीला खरं शेवंतीचं फूल द्यायचा ड्रेसवर लावायला. आता ते फूल कापडाचं झालंय, ताटलीएवढं, एकाला एक जोडून दोन दोन तीन तीन, त्याखाली गुडघ्यापर्यंत रिबिनी, रिबिनींवर सोनेरी अक्षरात नावं, छोटे टेडी, घुंगरांसारख्या घंट्या, एलईडी दिवे. शाळेच्या रंगात, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींचं पांढरं-चंदेरी. मुलगे त्याचंच धाकटं भावंड दंडाला बांधतात. आणि हे डान्सला नाही हां घालायचं, मॅचच्या दिवशी, शुक्रवारी, शाळेत! दिवसभर वर्गात बसायचं हे गळ्यात अडकवून. कॉरिडॉरमधून पोरी चालल्या की नंदीबैल आल्यासारखा आवाज येतो.

चुरस म्हणाल तर ती इथे आहे, कुणाचं मम किती मोठं. विकत घ्यायला गेलं तर शेकडो डॉलर जातात म्हणून मी यंदा घरीच करतेय, ग्लू गनने दोन बोटं भाजून झाली. लेक अकरावीत. तिला कुणी विचारलेलं नाही, म्हणजे ती सांगते की "मीच कुणाला विचारू दिलं नाही", ती मैत्रिणींच्या घोळक्यात जाणार आहे. पण मम पाहिजेच.

सासूबाई आल्यात सहा महिन्यांसाठी. परवा समोरच्या घरातला मुलगा हातात मोठा फलक घेऊन शेजारच्या मुलीच्या दारात उभा होता, होमकमिंगला येशील का विचारायला, इथे तशी पद्धत आहे फलक करून विचारायची. सासूबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, "कसला मोर्चा आहे गं?"

पेठेतला_पोपट

सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. त्यांना इथे आयडी काढून द्या.

साउंडवाला

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. ठाण्याला घोडबंदरच्या सेट्सवर साउंडला आहे.

तुम्ही नाच नाच म्हणताय पण तो नाच शूट होताना गाणं वाजतच नसतं. इकडे काय अन तिकडे काय पद्धत एकच. संवाद स्वच्छ पाहिजेत ना, मग गाणं सुरुवातीला थोडं वाजवायचं, सगळ्यांना ठेका कळला की बंद, आणि मग मागची चाळीस पन्नास माणसं पूर्ण शांततेत नाचतात. कधी कधी फक्त खोल धप धप असा ठेका सोडतात जो नंतर मिक्सिंगला गाळून टाकता येतो. बुटांच्या तळव्यांना फेल्ट नाहीतर फोम चिकटवतात. आमच्याकडे संगीताचा सीन असतो तेव्हा हळदीच्या साड्या नेसलेल्या बायका टाळ्या वाजवताना हात एकमेकांना लागू देत नाहीत, नुसता अभिनय. आणि मधोमध दोघं प्रेमाचं बोलत असतात. बाहेरचा कोणी आला तर त्याला वेडाचं हॉस्पिटल वाटेल.

म्हणून ह्या एपिसोडमध्ये बारीक बघा, मागची पोरं ठेका सोडून नाचत असतात. एकदा दिसलं की पुढे तेच दिसतं, सॉरी.

ओली_भेळ

अरे देवा साउंडवाले दादा काय केलंत! काल रात्री लावलं आणि मागे एक चौकटी शर्टवाला आहे तो जे काही नाचतोय त्याचा कुठल्याच गाण्याशी संबंध नाही, मी मुख्य सीन तीनदा मागे नेऊन त्याच्याचकडे बघत बसले.

लिहीत राहा.

कोपऱ्यातला_बाक

'फ्रीक्स अँड गीक्स' कुणीच कसं काढलं नाही अजून. सिटकॉम म्हणता येणार नाही, तासाभराची मालिका, मागे हसणारे लोक नाहीत, पण टीन कॉमेडीतला डान्स म्हटलं की माझ्यासाठी तीच. पॉल फीगने लिहिलेली, १९९९ ची, अठरा भाग बनवले आणि एनबीसीने ते सगळे दाखवायच्या आधीच बंद पाडली. गोष्ट १९८० च्या मिशिगनमधल्या शाळेची.

पहिल्याच एपिसोडच्या शेवटी होमकमिंग डान्स आहे. सॅम म्हणजे एवढंसं पोरगं, नववीतलं, शिडशिडीत, सिंडी चीअरलीडर. त्याने जिवाचा धडा करून विचारलंय आणि ती म्हणाली की ती दुसऱ्याबरोबर येणार आहे पण एक डान्स तुझ्यासाठी राखून ठेवीन. एक डान्स! त्या एका वाक्यावर ते पोरगं अख्खा आठवडा जगतं. मग डान्सच्या रात्री स्टिक्स बँडचं गाणं सुरू होतं, संथ, पियानोवर, सॅम जातो तिला घेऊन मध्ये, आता तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, आयुष्यातलं पहिलं, आणि नेमकं तेव्हाच ते गाणं उसळी मारतं आणि धिंगाणा सुरू होतो. ते गाणं मूळचंच तसं आहे, अर्धं संथ मग रॉक. त्या पोराच्या तोंडावर एक क्षण जे येतं ना भावांनो... की झालं, गेलं, हातातलं गेलं. सिंडी मात्र मजेत उड्या मारायला लागलेली असते. मग तोपण लागतो नाचायला. कसंही. हातपाय फेकून.

त्याच वेळी त्याची बहीण लिंडसे, जिला डान्सला यायचंच नव्हतं, ती ईलायला नाचायला विचारते. ईलाय म्हणजे ज्याला सगळे चिडवायचे तो, बौद्धिकदृष्ट्या वेगळा मुलगा, हात प्लास्टरमध्ये, आणि तो हात तिच्याच एका नको त्या शब्दाने दुखावून पळताना मोडलेला. त्यात कुणी जिंकत नाही, मुकुट नाही, ट्रॉफी नाही.

आमच्या कोल्हापूरला असलं डान्स बिन्स कुठलं, पण दहावीच्या निरोप समारंभाला एकीच्या शेजारच्या खुर्चीसाठी मी तासभर आधी जाऊन बसलेलो आणि ऐनवेळी सरांनी मुलं एका बाजूला मुली एका बाजूला केलं. गाणं बदललं की ते पोरगं जसं बघतं तसंच बघितलं असणार मी.

तिसरी_घंटा

बाक, काय लिहिलंयस.

आणि बघ भेळ, ह्यात तर चुरसच नाही, तरी हसू येतं. विनोद माणसाविरुद्ध माणूस असा नाहीच, पोरगं विरुद्ध गाणं असा आहे. तुझा मुद्दा जरा बदलायला लागेल.

ओली_भेळ

बदलला. अर्धा.

बाक, मी तुमची पोस्ट वाचून आधी तोच एपिसोड लावला. सॅमच्या त्या एका क्षणाला मी "अय्योऽऽ" म्हणून इतक्या जोरात ओरडले की नवरा स्वयंपाकघरातून झारा घेऊन आला. मग तोही उभ्या उभ्या बघत राहिला आणि भजी करपली.

बटाटेवडा_९०

सगळ्यात गाजलेला प्रॉम तर फ्रेंड्सचा! प्रॉम व्हिडिओवाला!! रॉस वडिलांचा सूट घालून तयार, फुलदाणीतली फुलं उपटून हातात, जिन्यावरून खाली येतो तर रेचलचा जोडीदार चिप उशिरा का होईना आलेला आणि दार बंद होतंय. आणि इतक्या वर्षांनी सगळे एकत्र बसून ती कॅसेट बघतात आणि रेचल उठून सरळ जाऊन... बास, डोळ्यात पाणी.

पेठेतला_पोपट

ती टीन सिटकॉम नाही. तिशीच्या आसपासचे बेरोजगार सोफ्यावर बसून कॉफी पितात त्याला टीन म्हणायचं असेल तर मीही टीन आहे.

बटाटेवडा_९०

पोपटकाका प्रॉम तर टीनच होता ना, १९८७ चा. आणि बेरोजगार काय, रॉस डॉक्टरेट आहे.

पेठेतला_पोपट

डायनासोरमध्ये.

बोरिवली_फास्ट

हे दोघं चालू दे, मी माझा मुद्दा पुढे रेटतो. तो एपिसोड कधी लागला होता? १ फेब्रुवारी १९९६. फेब्रुवारी! स्वीप्स! धन्यवाद, बसतो.

चिंचेचं_बुटुक

मला भेळताईंच्या मूळ मुद्द्यावर बोलायचंय. दोन मुलगे एका मुलीसाठी भांडतात हे बोअर का होतं, तर त्यात तिला काय पाहिजे हे कुणी विचारत नाही, ती ट्रॉफीसारखी कोपऱ्यात चमकत उभी. त्यावरचा उतारा असावा म्हणून की काय, मुलींनी मुलांना विचारायचा डान्सही असतो तिकडे, सॅडी हॉकिन्स म्हणतात. तो आला कुठून तर अल कॅपच्या 'लिल ॲबनर' ह्या वर्तमानपत्रातल्या चित्रकथेतून, १९३७ साली. त्यात एका दिवशी गावातल्या लग्न न झालेल्या बायका बाप्यांच्या मागे धावतात आणि पकडला तो नवरा. थट्टेतून आलेली गोष्ट पण शाळांनी खरी करून टाकली.

'आयकार्ली'मध्ये असाच मुलींनी विचारायचा डान्स आहे, पोरी आपल्या वेब शोवरच मुलांचे इंटरव्ह्यू घ्यायला बसतात. आणि शेवट शाळेत नाहीच, कार्ली आणि फ्रेडी आपल्या स्मूदीच्या दुकानात हळूहळू नाचतायत आणि त्यांची मैत्रीण सॅम (ही मुलगी, बाकचा सॅम वेगळा) बाहेरून काचेतून बघते आणि काही न बोलता निघून जाते. एरवी ती पोरगी बघावं तेव्हा खात नाहीतर मारामारी करत असते. तेवढे तीन सेकंद विनोद थांबतो.

आणि सेव्ह्ड बाय द बेलचाच तो प्रॉमवाला बघितलात का, १९९० चा? केलीच्या वडिलांची नोकरी जाते, ती प्रॉमसाठी साठवलेले पैसे घरी देते आणि झॅकला खरं कारण सांगत नाही. त्याला वाटतं हिला माझ्याबरोबर यायचंच नाही. मग कळतं, आणि तो शाळेबाहेरच दोघांपुरतं जेवण मांडतो. आत सगळे नाचतायत, बाहेर हे दोघं. इतक्या उथळ मालिकेत एकदम ड्रेसची किंमत हा विषय आला तेव्हा मी चमकलेच. आमच्याकडे गॅदरिंगच्या कोळीनृत्याला लुगडं-चोळी भाड्याने आणायला दीडशे रुपये सांगितले होते बाईंनी, तेव्हा मी "मला नाचायला आवडत नाही" असं घरी सांगितलं होतं. आई काही बोलली नाही, पण तिला कळलं असणार असं आता वाटतं.

मुक्काम_डॅलस

बुटुक 🙏

ओली_भेळ

हो, तो काल बघितला. त्यावर लिहायचं होतं पण तू लिहिल्यावर आता माझ्याकडे काही उरलं नाही.

खारे_दाणे

वातावरण गंभीर झालं म्हणून मी 'डेरी गर्ल्स' काढते. उत्तर आयर्लंड, नव्वदीचं दशक, कॉन्व्हेंट शाळा, सिस्टर मायकल नावाची नन जिला ननगिरीचाच कंटाळा आलाय. दुसऱ्या सीझनमध्ये प्रॉमचा एपिसोड आहे, २०१९ चा. म्हणजे अमेरिकन मालिका बघून बघून अमेरिकन रोग तिकडेही गेलेला. जेनी जॉयस नावाची एक अतिशहाणी मुलगी, हिच्याकडेच सगळी सूत्रं, हिचंच नियोजन, पन्नासच्या दशकातल्या थीमचा प्रॉम. प्रत्येक शाळेत एक जेनी जॉयस असते, आमच्याकडची तर मॉनिटर होती आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिताना अक्षर मुद्दाम वळणदार काढायची.

ह्यात जोड्या बघा कशा लावल्यात. ऑर्ला ही जरा आपल्याच जगात असलेली मुलगी, ती जोडीदार म्हणून घेऊन जाते स्वतःच्या आजोबांना! आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, आजोबा टापटीप तयार. मालिकेची नायिका एरिन ज्याच्यावर भाळलीय तो येतच नाही, नटूनथटून बसलेली पोरगी, घरचे सगळे आजूबाजूला अवघडून उभे, आणि मग तिच्या घोळक्यातला जेम्स येतो. जेम्सला त्या दिवशी 'डॉक्टर हू' ह्या मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचं होतं, कधीची वाट बघत होता, ते सोडून आला. प्रेम-बिम काही म्हणत नाही तो. नुसता येऊन उभा राहतो.

भेळ, हा तुझ्या सिद्धांतात बसतो. जो शर्यतीत नाही त्याची मजा.

तिसरी_घंटा

आणि आजोबा हे पात्र मला चोरायचंय. पुढच्या एकांकिकेत.

रानवारा_नाशिक

उशिरा आलो. 'नेव्हर हॅव आय एव्हर' राहिली. देवी विश्वकुमार, कॅलिफोर्नियात वाढलेली तमिळ मुलगी, आणि गोष्ट सांगायला टेनिसवाला जॉन मॅकेन्रो, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी जाऊन चहा प्यायला पाहिजे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी हिवाळ्यातला डान्स आहे. पॅक्सटन हा शाळेतला हिरो, त्याला देवीबरोबर राहायचंय पण लपूनछपून, आणि ती म्हणते लपूनछपून नको. आता डान्स म्हणजे लपायची जागाच नाही, घंटाताई म्हणाल्या तसं कुणाबरोबर आलात ते सगळ्यांना दिसणार. शेवटी तो येतो, आणि दोघं हात धरून आत. आणि आत बेन, तिचा अभ्यासातला जुना वैरी, ते बघत उभा. चुरस संपली असं वाटतं तिथेच पुढच्या सीझनची सुरू.

आणि त्यात 'क्रिकेट क्वीन' निवडतात. मी एकदम सरसावून बसलो की अमेरिकेत क्रिकेट? तर क्रिकेट म्हणजे रातकिडा. शाळेचं बोधचिन्ह रातकिडा आहे. देवीची मैत्रीण फॅबिओला आणि फॅबिओलाची गर्लफ्रेंड ईव्ह ह्या दोघी राण्या होतात. रातकिड्यांच्या राण्या.

चिंचेचं_बुटुक

राणी निवडण्यावरून 'ग्ली'मधला प्रॉम आठवला, २०११ चा. तिथे मतदान गुप्त, म्हणून पोरं गुपचूप कर्ट ह्या गे मुलाच्या नावावर मतं टाकून त्याला प्रॉम क्वीन करतात, निव्वळ छळायला. तो आधी पळून जातो बाहेर, मग परत येतो, मुकुट घालून घेतो आणि केट मिडलटनचं नाव घेऊन असा काही टोला मारतो की सभागृहाला टाळ्या वाजवायलाच लागतात. मतदानाचा विनोद किती पटकन क्रूर होतो ते त्यात फार नेमकं दिसतं.

कोपऱ्यातला_बाक

म्हणजे आपला फिशपाँड.

रानवारा_नाशिक

फिशपाँड!! बाक, कुठली खपली काढलीस.

कोपऱ्यातला_बाक

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉलेजच्या गॅदरिंगला डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, निनावी, कुणावरही चारोळी नाहीतर सिनेमाच्या गाण्याची ओळ, आणि स्टेजवरून माइकवर वाचायच्या. ज्याच्यावर पडला त्याने उठून उभं राहायचं आणि हसायचं. हसायला लागायचंच. माझ्यावर पडला होता, उंचीवरून. मी हसलो. अक्षर कुणाचं होतं ते नंतर कळलं, जवळचाच मित्र. अजून मित्र आहे, लग्नात त्याने आहेर म्हणून स्टूल आणलं होतं, मग तेव्हा मात्र खरं हसलो.

पेठेतला_पोपट

आमच्या वेळी माझ्यावर एका वर्षी सहा पडले. सहाही माझ्याच अक्षरात होते. कुणीच टाकत नाही म्हटल्यावर काय करणार.

ओली_भेळ

पोपटकाका 😂😂 तुम्ही म्हणजे ते स्क्रीच निघालात की.

कंबर बरीच बरी आहे, परवापासून ऑफिस. डेरी गर्ल्सचा प्रॉम काल आईबरोबर बघितला. आईला निम्मे उच्चार कळले नाहीत, मलाही नाहीत, सबटायटल्स वाचून मीच तिला मराठीत सांगत होते. आजोबा नातीबरोबर निघाले तेव्हा आई म्हणाली, "हे बरंय, निदान वेळेत घरी येतील."

@मुक्काम_डॅलस, मम झालं का? फोटो नको, नुसतं सांग.

मुक्काम_डॅलस

झालं गं. शुक्रवारी घालून गेली, दोन फुलं, अठ्ठावीस रिबिनी, एका रिबिनीवर सासूबाईंनी हट्टाने आतून कुंकवाचं बोट लावलं, दृष्ट नको म्हणून. तिसऱ्या तासाला फिजिक्सच्या सरांनी म्हणे घंट्या काढून ठेवायला सांगितल्या, लेखी परीक्षा चालू होती आणि सगळ्या पोरी किणकिणत होत्या. तिच्या वर्गातल्या एकीचं मम दारात अडकून अर्धं तुटलं, मग पोरींनी मधल्या सुट्टीत प्रत्येकीने आपल्यातल्या दोन दोन रिबिनी काढून तिचं परत उभं केलं. ही चुरस कुठल्या मालिकेत बसते ते घंटा सांगेल.

शनिवारी डान्सला दोन तास फोटो काढले, पाऊण तास नाचल्या, आणि सगळ्या घोळक्याने आमच्याकडे येऊन पावभाजी खाल्ली, रात्री साडेअकराला. कसं झालं विचारलं तर "गाणी बेकार होती".

आता ते मम हॉलमध्ये खिळ्याला टांगलंय. एसी सुरू झाला की घंट्या वाजतात आणि सासूबाई आतून विचारतात, "आरतीला सुरुवात केलीत का रे?"

पेठेतला_पोपट

आयडी. त्यांना. आजच.